खोळंब्यांची आगाऊ यादी

वेटिंग रूममध्ये माणसं तीन गोष्टी विसरून जातात. छत्र्या, जेवणाचे डबे आणि किस्से. छत्री न्यायला लोक परत येतात, किस्सा न्यायला कोणी येत नाही. अमरावतीच्या मोटर स्टँडवर बायकांची वेटिंग रूम मी बारा वर्षं सांभाळली. माझ्याकडे किती साठले असतील, तुम्हीच बघा.

परवा पेपरात वाचलं (पेपर मी स्वतः वाचते, कोणाकडून वाचून घेत नाही) की विमान कंपन्यांना हुकूम निघाला आहे. विमान रखडलं तर प्रवाशांचं काय करायचं, ते आधीच ठरवून ठेवा. मला हसू आलं. असाच हुकूम पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत एकदा मी काढायला लावला होता. विमानांसाठी नव्हे, मोटरींसाठी. मोटरी तेव्हा एका खासगी कंपनीच्या होत्या. नाव घेत नाही, कारण मालकाची नातवंडं अजून मला वाकून नमस्कार करतात.

झालं असं की मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. स्टँडवर येणाऱ्या पार्सलांवरची नावं वाचत वाचत अक्षर शिकले आणि पस्तिशीत बाहेरून सातवीला बसायचं ठरवलं. माझं माहेर अकोटचं, तिथल्या शाळेच्या हेडमास्तरांनी फॉर्म भरून घेतला. आमचे मॅनेजर, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, मला म्हणाले, "गिरजाबाई, सातवी पास व्हा, तुमाले बुकिंगच्या खिडकीत बसवतो."

पहिल्या वर्षी पहाटे सहाच्या गाडीनं निघाले. गाडी अंजनगावच्या अलीकडे बंद पडली. ड्रायव्हरला विचारलं, "आता काय?"

तो म्हणाला, "आता काय बाप्पा, बसा."

मी अकोटला पोचले तेव्हा परीक्षेची मुलं पेपर देऊन भजी खात होती.

त्या 'बसा'वर मी परवाना ऑफिसला पोस्टकार्ड टाकलं. गाडी बंद पडते हे साऱ्या वऱ्हाडाला आधी माहीत असतं, एकट्या कंपनीला नसतं, तर तिलाही आधी विचार करायला लावा. दोन महिन्यांत कंपनीला कलमवार हुकूम आला. सोबत माझं कार्ड, सही झाकून. भाऊसाहेबांनी ते माझ्याच नाकापुढे धरलं. "कोन असन हा हरामखोर?" मग जरा निरखून म्हणाले, "पन अक्षर झ्याक हाय."

माझ्या अक्षराला मिळालेलं ते पहिलं सर्टिफिकेट.

*

हुकुमाचं पहिलं कलम होतं, एक गाडी राखीव ठेवावी.

भाऊसाहेबांनी ठेवली. धुऊन, हार घालून, लिंबू-मिरची बांधून शेडमध्ये उभी केली. आठच दिवसांत वलगावजवळ एक गाडी बसली आणि माणसं गाठोडी डोक्यावर घेऊन पायी परत आली. मी भाऊसाहेबांकडे गेले.

"राखीव गाडी पाठवा ना."

"कशी पाठवू? ते राखीव हाय."

"तेच तर म्हनून रायली मी."

"अन परवाना ऑफिसचा इन्स्पेक्टर आला, त्यानं इचारलं राखीव गाडी कुठं हाय, तर काय सांगू? कामात घेतली म्हंजे राखीव काय रायली?"

ती गाडी तीन वर्षं राखीव राहिली. पुढे तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या, पण दसऱ्याला हार कधी चुकला नाही.

*

दुसरं कलम, अडकलेल्या प्रवाशांना चहापाणी द्यावं.

भाऊसाहेबांच्या मेहुण्याचं अंजनगाव फाट्यावर हॉटेल होतं. आतापर्यंत आमच्या गाड्या चढावर, नाल्यात, बाभळीखाली, जिथे जीव जाईल तिथे बसत. या कलमानंतर सगळ्या शिस्तीनं त्या हॉटेलच्या दारात जाऊन बसू लागल्या.

मी जुन्या चाँदभाई ड्रायव्हरला विचारलं, "काहून हो, इंजिनाले चहाचा वास येते का?"

चाँदभाई गंभीरपणे म्हणाला, "नाही बाई, इंजिनाले मॅनेजरचा सोयरा समजते."

*

तिसऱ्या कलमानं मात्र कहर केला. 'पुढील महिन्यातील संभाव्य खोळंब्यांची यादी आगाऊ पाठवावी.'

लिहिणाऱ्याच्या मनात साधी गोष्ट होती. कोणता नाला भरतो, कोणती गाडी जुनी झाली, ते कळवा. भाऊसाहेबांनी पंचांग काढलं. अमावस्येला एक्सल, चतुर्थीला पंक्चर, अशी तारीखवार यादी गाडीच्या वेळेसकट पाठवून दिली.

पुढच्या महिन्यात इन्स्पेक्टर यादी घेऊन हजर. "तीन तारखेला सातच्या गाडीचं पंक्चर दाखवलंय. झालं का?"

"नाही साहेब. गाडी मस्त गेली."

"म्हणजे सरकारला खोटी माहिती दिलीत?"

भाऊसाहेबांना घाम फुटला. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना बोलावून सांगितलं, "यादीत हाय थे झालं पायजे. यादीत नाही थे होता कामा नये."

तेव्हापासून आमच्याकडे खोळंबे दोन जातींचे झाले. मंजूर आणि नामंजूर. मंजूर खोळंब्यात चहा, बाकडं आणि उशिराचा दाखला मिळे. नामंजूर खोळंब्यात, 'बसा.'

*

यादी खिडकीशेजारी टांगलेली असे. वऱ्हाडी माणूस तिचा उपयोग न करील तर कसं व्हावं? नको असलेल्या सोयरिकीला निघालेले लोक मुद्दाम बंद पडणारी गाडी विचारून घेत. एक सूनबाई तर दर वेळी सासरी जाताना विचारायच्या, "आज नक्की बंद पडन ना हो?"

या सगळ्यांवर ताण केली अमरावतीच्या एका वकिलांनी. त्यांना अकोटच्या कोर्टात पुढची तारीख हवी होती. त्यांनी चार दिवस आधी यादीत रेडिएटर जाणार म्हणून लिहिलेल्या गाडीची पुढची सीट धरली. पण त्या दिवशी ड्रायव्हर नवा होता. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं गाडी सरळ अकोटला नेली, तीही कोर्ट उघडायच्या आत.

वकील दुसऱ्या दिवशी लालबुंद होऊन स्टँडवर आले.

"तुमची गाडी वेळेवर पोचली. मला केस चालवावी लागली."

भाऊसाहेब हात जोडून म्हणाले, "हारली का साहेब?"

"हरली असती तर परवडलं असतं. जिंकली. आता पक्षकार विचारतोय, एका दिवसाचं काम होतं तर सात वर्षं काहून लावले?"

*

आता माझं दुसरं वर्ष. भाऊसाहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं, "औंदा सातवी झाली नाही तर खिडकीत दुसरा मानूस बसवतो." मी त्या महिन्याची यादी तीनदा वाचली. माझ्या पेपरच्या दिवशी सहाची गाडी स्वच्छ होती. सातची मात्र अंजनगाव फाट्यावर दोन तास बंद, रेडिएटर. मी सहाची धरली. गाडीवर चाँदभाई.

फाटा फर्लांगभर राहिला आणि खालून धाडकन आवाज आला. एक्सल गेला. चाँदभाईनं आधी गाडीखाली पाहिलं, मग खिशातल्या यादीवर बोट फिरवलं.

"बाई, आपलं नाव नाही यात. हे नामंजूर हाय."

"एक्सल तुटला ना पन?"

"तुटला. पन चुकून तुटला."

एक्सलची खटपट करता करता पावणेनऊ झाले. अकराला पेपर. लोक हसत होते, मला हसू येत नव्हतं. एवढ्यात सातची गाडी मागून आली, आम्हाला ओलांडून गेली आणि नेमानं हॉटेलच्या दारात थांबली. मी टाक-दौत घेऊन तिकडे धावले. तिचा ड्रायव्हर नामदेव बॉनेट उघडं टाकून चहा पीत होता.

"नामदेव, अकोटले चाल."

"कसा येऊ मावशे? मी बंद हावो."

"इंजिन तर घरघर करून रायलं."

"त्याले अजून मालूम नाही. मले इथं दोन तास बंद राहाचं हाय. इन्स्पेक्टरची जीप फिरून रायली, माही नौकरी जाईन."

मी पाहिलं, त्याच्या काचेत लाकडी पाटी होती, 'सातची अकोट'. चाँदभाईच्या काचेत 'सहाची अकोट'. मी दोघांना समोरासमोर उभं केलं.

"सातची इथं बंद पडली पायजे ना? मंग ते पाटी बंद गाडीले लावा. सहाची अकोटले गेली पायजे ना? मंग ते पाटी चालू गाडीले लावा."

चाँदभाई डोकं खाजवत म्हणाला, "फाटा तर फर्लांगभर पुढं हाय."

"मंग ढकला."

दोन्ही गाड्यांच्या माणसांनी मिळून तुटकी गाडी हॉटेलपर्यंत ढकलत आणली. पाट्या बदलल्या. आम्ही निम्मे आत, निम्मे टपावर बसून निघालो, तेवढ्यात समोरून जीप आली. इन्स्पेक्टरनं पाटी वाचली, मागची बंद गाडी पाहिली, यादी पाहिली आणि प्रसन्न चेहऱ्यानं आम्हाला हात केला.

घंटेला पाच मिनिटं असताना मी शाळेच्या दारात उतरले. हेडमास्तर रजिस्टर घेऊन उभे होते. मला पाहून त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

"गिरजाबाई, तुम्ही मोटरीनं आलात? आणि वेळेवर?"

"हो."

"मग पंचाईत झाली." त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. "मागच्या वर्षीचा अनुभव होता. म्हणून अमरावतीच्या मोटरीनं येणारे सगळे मी कालच गैरहजर मांडून ठेवले. आधीची तयारी असलेली बरी. आता एकदा शेरा पडला की दुसरा शेरा लिहायचा नाही, असा नियम आहे."

आत घंटा झाली. मी रजिस्टर त्यांच्या हातून माझ्याकडे फिरवलं, माझ्या नावापुढचा शब्द वाचला आणि टाक दौतीत बुडवून त्यांच्या हातात दिला.

"गुरुजी, दुसरा शेरा कशाले लिहिता? याच्यातले पयले दोन अक्षरं खोडा."