कमरेवर घागर घेतलेले सुतारबाबा

सुतारबाबा कमरेवर भरली घागर घेऊन पायऱ्या चढायचे. पांढऱ्या मिशांचा, गुडघ्यांत वाकलेला हा माणूस बायकांसारखा घागरीला डाव्या हाताचा विळखा घालायचा आणि उरलेल्या एका हाताच्या आधारानं माळ्यावर जाणारी पायरी न् पायरी चढून बघायचा. बघणाऱ्यांना हसू आवरत नसे. सुतारबाबा मात्र हसत नसत. धापा टाकत खाली उतरायचे आणि म्हणायचे, "चौथी पायरी उंच झाली. पोटुशी बाई न्हाई चढायची हिच्यावर." की पुन्हा वाकस हातात घेऊन तासायला बसायचे.

मी सिरसाळ्याला नांदायला आले, तेव्हा मोगलाई होती, निजामाचं राज्य. घरात अठरा माणसं. माजघरावर लाकडी माळा, आणि घराला वर्षभर लागेल ते सगळं त्या माळ्यावर: ज्वारीच्या कणग्या, डाळींची मडकी, कांदे, पावसाळ्यासाठी रचलेल्या गोवऱ्या. वर जायला बांबूची एक सुटी शिडी. दळायचं म्हटलं की वर, डाळ शिजवायची म्हटलं की वर. दिवसातून आठ-दहा खेपा व्हायच्या. चढताना निदान हात रिकामे असत. उतरताना कमरेवर ओझं आणि पायाखालचा दांडा दिसत नसे. पाठ टेकली तरी वाटायचं, आपण अजून शिडीवरच आहोत.

सुतारबाबा आमच्याकडे आले ते गाडीच्या चाकाचे आरे बदलायला. पाणी मागायला मागच्या दारी आले आणि तिथंच थांबले. मी टोपलं घेऊन उतरत होते.

"कितवा महिना, पोरी?" मी खाली पोचल्यावर त्यांनी विचारलं.

"सातवा."

त्यांनी शिडी उचलली आणि जमिनीवर आडवी टाकली. "आज आता चढायचं न्हाई." पाणी न पिताच ते ओट्यावर मामंजींकडं गेले. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

"मालक, तुळईला धक्का न लावता पक्क्या पायऱ्या बसवतो. धरायला कठडा करतो. विहिरीवरची जुनी कप्पी पडून हाय, ती वर टांगू. टोपलं दोरानं खाली येईल, बाई मोकळ्या हातानं उतरंल."

"आमची आई चढली, बायकू चढली," मामंजी म्हणाले. "मग आताच कावून पायऱ्या पायजेत?"

"माज्या नजरंला आता पडलं म्हून."

"बाबा, तुमी चाकाचं बघा. माझ्या घराला भोकं पाडायची न्हाईत."

त्या दुपारी सासूबाईंनी तांदूळ निवडता निवडता मला सांगितलं. सुतारबाबांच्या स्वतःच्या घरात शिडीचा वरचा दांडा सैल झाला होता. त्यांची बायको रोज सांगायची. ते रोज म्हणायचे, उद्या. एक दिवस ती टोपल्यासकट खाली आली. दोन दिवस जगली. तेव्हापासून कुणी काही विचारलं, तर त्यांचं एकच बोलणं असे: "गावाच्या तिफणी नीट करता करता माज्या घरची शिडी ऱ्हायली."

महाशिवरात्रीला मामंजी परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेले. चार दिवसांची वारी. गाड्या वेशीबाहेर पडल्या आणि सासूबाई, ज्यांनी नवऱ्याला उलट शब्द बोललेला मी कधी ऐकला नव्हता, मला म्हणाल्या, "सुतारबाबांना निरोप धाड. मालक आल्यावर मी बघीन काय व्हायचं ते."

बाबांनी मुरलेल्या बाभळीच्या नऊ पायऱ्या केल्या, पाऊल पुरतं मावेल एवढ्या रुंद. भिंतीकडून कठडा. माळ्याच्या तोंडाशी एक फळी, टोपलं टेकवून श्वास घ्यायला. वर कप्पी. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "आता तू चढ, पोरी." मी चढले. वर पोचले तेव्हा मला धाप लागली नव्हती. एवढंच झालं होतं. पण मी कणगीला टेकून बसले आणि किती तरी वेळ रडले.

मामंजी परतले, पायऱ्यांकडं बघत उभे राहिले. सासूबाई पुढं झाल्या. "मी करवून घेतलं." मामंजी सुतारबाबांना बोलावून म्हणाले, "औंदा आमच्या खळ्यावर येऊ नका." सुतारकामाबद्दल वर्षाचं धान्य खळ्यावरच मिळायचं, ते बंद झालं. बाबा "बरं" म्हणाले आणि हत्यारांची पिशवी उचलून चालते झाले.

चैत्रात मला मुलगी झाली, धडधाकट.

मग घराघरांतून बायकांचे निरोप बाबांकडं जाऊ लागले. पारावर पुरुष कुरकुरत, सुतारानं बायका आळशी केल्या म्हणत. बाबा कुणालाच नाही म्हणाले नाहीत. कुठं नुसता धरायला दोर बांधला, कुठं शिडीचे पाय जमिनीत पुरले, कुठं अंधाऱ्या माळ्यावर उजेड यावा म्हणून छपराला झरोका काढला. गुडघे सुजायचे. एकदा शेजारच्या घरी ते पायरीवरच बसून राहिलेले दिसले. मी म्हटलं, "दमलात, बाबा. जरा थांबा की."

"दमायचंच हाय, पोरी. आधी दमायला पायजे होतं."

डोळे अधू झाले तेव्हा त्यांची लेक उमापूरहून गाडी घेऊन न्यायला आली. तोवर सासूबाई गेल्या होत्या आणि मी तीन लेकरांची आई झाले होते. गाडी आमच्या दारावरून जात होती. ओट्यावर मामंजी बसलेले. त्यांच्या समोरून रस्त्यावर जायची आम्हा सुनांची रीत नव्हती. मी पदर सावरून गेले आणि भर रस्त्यात बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कोण, मालकाची सून? लई थकल्यावानी दिसतीस गं." त्यांना दिसत नव्हतं, तरी म्हणाले.

मागून मामंजींचा आवाज आला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण ते गड्याला म्हणाले, "गाडीत आपली घोंगडी टाक. वाट खराब हाय, म्हाताऱ्याला धक्के बसतील."

बाबा उमापुरात फार दिवस राहिले नाहीत. बातमी आमच्याकडे पंधरा दिवसांनी आली, तीही बाजारला आलेल्या कुणाकडून तरी. आम्हाला सुतक नव्हतं. आम्ही त्यांचे कोणी नव्हतो. त्या दिवशी मी मामंजींचं ताट वाढलं, तर त्यांनी ते हातानंच मागं सारलं.

"आज नको," म्हणाले. "तूबी बस जरा."

त्या घरात मला कुणी बस म्हणाल्याची तीच पहिली वेळ.