शेठ आले की तुटणारं कनेक्शन

रोहिदास ठोंबरेचा चेहरा मी पाहिला तो आमची ओळख झाल्यावर दोन तासांनी. तोवर मला त्याचे फक्त पाय भेटले होते. माझ्या टेबलाखालून बाहेर आलेले, भेगाळलेले, कडावच्या खाचरातून थेट चालत आल्यासारखे. आत खडखड चालली होती. आधी माझा कॉम्प्युटर बंद पडला, मग पंखा, मग शेठच्या केबिनमधला एसी, आणि माझी खात्री आहे की त्या क्षणी नेरळपर्यंतचे फ्रीज बंद पडले असणार.

आतून आवाज आला, "काका, लाईट गेली का?"

"गेली."

"मंग वायर बरोबर हाय," आवाज समाधानानं म्हणाला.

बाहेर आला तेव्हा अंगावर इतकी जळमटं होती, की तो तिथंच जन्मला, वाढला आणि आता लग्नाचं वय झालं म्हणून बाहेर पडला, असं वाटावं.

खालापूरजवळ आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे. मी तिथं बावीस वर्षं डिस्पॅच सांभाळतो. गेटवर वजनकाट्याच्या केबिनमध्ये हर्षला बसते. तिच्या टेबलावरचा कॉम्प्युटर म्हणजे नुसती खिडकी. खरं काम ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर. ती गेटवर बसून त्यात शिरते, ट्रकचं वजन चढवते, पावती काढते. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. ही वाट तुटली की पावती नाही, पावती नाही की ट्रक हलत नाही, आणि मग ड्रायव्हर लोक हर्षलाच्या माहेराचा उद्धार सुरू करतात.

ही वाट रोहिदासनं बांधलेली: ऑफिसात कपाटाजवळ एक काळी डबी, तिच्यातून गेटपर्यंत वायर. सहा वर्षं तो आठवड्यातून तीन दिवस यायचा, तात्पुरत्या कामावर. त्याला कायम व्हायचं होतं, आणि कारण एकच. त्याची आई आवडीबाई. तिच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा पनवेलला डायलिसिस. तो कायम झाला की कंपनीच्या विम्यात आईचं नाव बसणार होतं. आमच्या मालकांनी, राजेशशेठनी, शब्द दिला होता. पंधरा ऑक्टोबरला पत्र.

ऑगस्टमध्ये, मोठे शेठ, म्हणजे त्यांचे वडील, वारल्यावर महिन्याभरात, कनेक्शन तुटायला लागलं. तेही नेमकं शेठ आले की. त्यांची गाडी गेटातून आत शिरली की पाच मिनिटांत हर्षलाचा फोन: "गेलं!" शेठ वडिलांच्या फोटोला नमस्कार करून केबिनमध्ये बसले की थोड्या वेळात आपोआप परत सुरू. म्हणजे शेठना ते कधी चालू दिसलं नाही, आणि रोहिदासला कडावहून मोटरसायकल हाणत आल्यावर कधी बंद सापडलं नाही.

त्यानं काय नाही केलं? मोठा कॉम्प्युटर झोपी जातो म्हणून गेटवरूनच त्याची झोप बंद केली. बाहेरच्यांना अडवणारी फायरवॉल उघडली. शेठचे दोन फोन नेटवर्कवर येऊन मोठ्या कॉम्प्युटरचा नंबर बळकावतात असा संशय आला, म्हणून नंबर कायमचा बांधून टाकला. गेटपर्यंतची दोनशे फूट वायर बदलली. हर्षलानं मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. तिला शेठचीच दृष्ट लागते असं वाटायचं. तसं सगळ्यांनाच वाटायचं. शेठना सांगणार कोण?

"पंधरा तारखेपर्यंत कर," शेठ म्हणाले. "नाहीतर पनवेलची एजन्सी बघतो."

रोहिदास सगळा वेळ गेटवर शोधत होता, कारण रड गेटवरची होती. पंधरा तारखेला सकाळी या भानगडीसाठी तो पहिल्यांदा ऑफिसात आला आणि पुन्हा माझ्या टेबलाखाली शिरला. पुन्हा ते पाय. मी म्हटलं, "सहा वर्षांत चप्पल तरी घ्यायचीस रं."

शेठच्या गाडीचा हॉर्न वाजला. बुधाजी उठला. बुधाजी आमचा शिपाई, वरच्या वाडीतला, साठी उलटलेला. त्यानं कपाटाजवळच्या बोर्डातली पिन उपटली आणि त्या जागी दुसरी खोचली. भिंतीवर मालोजीशेठच्या, म्हणजे मोठ्या शेठच्या फोटोभोवती लाल-हिरवी माळ पेटली. माझ्या टेबलावरचा फोन वाजू लागला.

रोहिदास बाहेर आला. "बुधाजीबाबा, ही काढली ती पिन कशाची?"

"तुज्या काळ्या डबीची. तूच म्हनला व्हता ना रं, काडून ठेवू नको. म्हनून तं शेठ आत गेलं का लगीच परत लावतो. बोर्डात चालू भोक येकच हाय."

"आणि माळ? शेठनी चोवीस तास सांगितली ना?"

"दिसभर कशाला जाळायची? म्हातारा काय बगतोय?"

रोहिदास हसला. मीही हसलो. दोन महिन्यांचं भूत एका पिनेत निघालं होतं.

दारात शेठ उभे होते. फोन वाजतच होता. "आज पण? कारण काय? आत्ता सांग."

खरं कारण म्हणजे वडिलांची माळ मुलगा येण्यापुरतीच पेटते. वडिलांच्या बाराव्याला आला नाही म्हणून शेठनी एका ड्रायव्हरला काढलं होतं. बुधाजी रोजच्यासारखा फोटोसमोर हात जोडून उभा होता. रोहिदासनं माझ्याकडे पाहिलं. मी जुना माणूस. माझ्या तोंडून हसत-खेळत सांगितलं असतं तर शेठनी कदाचित ऐकूनही घेतलं असतं.

मी स्टेपलर शोधायला लागलो.

"पिन ढिली होती," रोहिदास म्हणाला. "माझ्याच ध्यानात आली नाही. आता झालं, शेठ." दुरुस्त झालं म्हटल्यावर पत्र मिळेल, असं त्याला वाटलं असावं.

"दोन महिने ढिली पिन?"

"हो, शेठ."

शेठ फोटोला नमस्कार करून आत गेले. पत्र आलं नाही. संध्याकाळी रोहिदासनं स्वतःच्या पिशवीतला नवा बोर्ड बसवला, दोन्ही पिना खोचल्या, ओढून पाहिल्या. "बाबा, आता दोन्ही राहू द्या." बुधाजीनं मान हलवली. त्यानंतर कनेक्शन एकदाही तुटलं नाही. पुढच्या महिन्यापासून काम पनवेलच्या एजन्सीकडे गेलं, आणि शेठ येईल त्याला त्या एजन्सीचं कौतुक सांगतात.

आवडीबाईंचं डायलिसिस आठवड्यातून एकदावर आलं. त्या जानेवारीत गेल्या. रोहिदास शेलूला एका नव्या इमारतीच्या गेटवर बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं वहीत लिहितो. मोठ्या शेठचा फोटो दिवाळीनंतर राजेशशेठनी बंगल्यावर नेला. बोर्डातल्या माळेच्या जागी आता बुधाजी मोबाईल चार्ज करतो.