तराजूनं केलेली वाटणी

तराजूचं खरं नाव आमच्यातलं कुणी घेत नाही. कारखान्याच्या कँटीनमध्ये तिनं उभा जन्म हातात डाव धरून काढला. साहेब असो नाहीतर झाडूवाला, डावभर म्हणजे डावभर. एकदा खुद्द तिचा नवरा रांगेत आला आणि डोळा मारून म्हणाला, "आज जरा सढळ हातानं वाढ की." तर या बयेनं त्याच्या ताटातलंच थोडं काढून परत पातेल्यात टाकलं. त्या दिवसापासून ती तराजू.

तिच्या आईनं म्हणे भावाला साय आणि हिला खरवड, असंच जन्मभर वाढलं. ते हिच्या मनातून कधी गेलंच नाही. स्वतःच्या दोन मुलांत बिस्कीट वाटताना ती खाली पडलेल्या चुऱ्याचेही दोन ढीग करायची. मुलं आता दूर असतात. एकाशी फोनवर जास्त बोलणं झालं की दुसऱ्याला मुद्दाम पुन्हा लावते. आम्ही हसतो, पण कुठं काही वाटायचं झालं की तिलाच पुढं करतो, कारण तिच्या मापात पाप नाही. निदान असं मी आत्तापर्यंत छातीठोक सांगत आले.

माझी लाँड्री आहे. शनिवारी दुपारी शटर अर्धं ओढलं की इस्त्रीच्या लांब टेबलाभोवती आमचं विणकाम सुरू होतं. मी, तराजू, बाळांच्या टोप्यांशिवाय काही न विणणारी नर्सबाई, आणि चपलांच्या दुकानात दिवसभर उभी असणारी धाकटी. पाचवी म्हणजे वहिनी. ती नक्की कुणाची वहिनी हे तिलाही ठाऊक नसावं. ती विणायची त्याच्या दुप्पट उसवायची. एक टाका चुकला तरी स्वेटरची अख्खी पाठ उसवून मोकळी, आणि वर म्हणायची, "लोकर कुठं पळून जाते?"

लोकर नाही पळाली, वहिनीच गेली. झोपेतच गेली. आदल्याच शनिवारी तिनं मला चिडवलं होतं, की तुझा मफलर आहे की चटई? मला अजून पटत नाही बाई.

तिची एकुलती एक लेक लांबच्या शहरात नोकरी करते. ती घर आवरायला आली आणि आम्हाला म्हणाली, "मावशी, मला विणता येत नाही. आईची लोकर, सुया, सगळं तुम्हीच वाटून घ्या. फक्त भांडू नका."

आमच्या तिघींचे गुडघे हे असे, म्हणून धाकटीनंच वहिनीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून एकटीनं सगळ्या पिशव्या खाली माझ्या लाँड्रीत आणल्या. तराजू घरून वजनकाटा घेऊन हजर. प्रत्येक रंगाचे चार भाग. मी ओरडले, "अगं ए, या हिरव्यात एकीचा अख्खा स्वेटर होईल. चौघींत वाटलास तर नुसते हातमोजे होतील!"

"मग हातमोजे घाला," ती म्हणाली. "एकीला स्वेटर आणि तिघींनी तोंडं बघायची, हे माझ्या हातून व्हायचं नाही."

तिचा काटा हलेना आणि माझी बडबड थांबेना, असं दुपारभर चाललं. शेवटी तळाशी एक कागदी पिशवी निघाली. आत उसवलेली तपकिरी लोकर, धुतलेली पण अजून कुरळीच. वहिनीचा आणखी एखादा फसलेला प्रयोग असणार, आम्ही हसलोच. कुणालाच नको होती. पण टाकून देईल तर ती तराजू कसली! तिनं ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळली आणि दोन्ही बाजूंनी माझ्या मोठ्या कात्रीनं कचाकच कापली. हातभर लांबीचे सारखे तुकडे झाले. त्या तुकड्यांनीच तिनं चौघींच्या वाट्याची लहान-मोठी पुडकी बांधली, उरलेला झुपका माझ्या खिळ्याला अडकवला. "घे, गिऱ्हाइकांचे कपडे बांधायला होतील." झालेही. आठवडाभर मी शर्टांचे, चादरींचे गठ्ठे त्यानंच बांधून दिले.

पुढच्या शनिवारी लेक आली. शटरखालून वाकून आत आली ती घाबरलेलीच.

"मावशी, तुमच्याकडे चुकून बाबांचा स्वेटर आलाय का? तपकिरी, पुढं बटणं असलेला. कपाटात नाही, पेटीत नाही, सगळं घर पालथं घातलं. बाबांचं तेवढंच राहिलंय माझ्याकडे. संध्याकाळी मला निघायचंय."

"स्वेटर एकही नव्हता गं," नर्सबाई म्हणाली. "नुसती लोकर होती."

 लेक खाली बघत म्हणाली, "घरातून बाहेर गेलंय ते फक्त तुमच्याकडेच. कुणाला आवडला असेल तर मी काही म्हणणार नाही. पण परत द्या."

तराजूचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या वाटणीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. दुसरी कुणी असती तर समजूत घातली असती, पण ही पेटली. "पिशव्या कुणी उतरवल्या?" ती धाकटीकडे वळली. "एकटीच होतीस ना जिन्यात?"

"तराजूताई, मी कशाला घेऊ?"

"दाखव मग तुझी पिशवी."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" मी मध्ये पडले. पण तोवर तिनं धाकटीची पिशवी टेबलावर उलटी केली होती. डबा, छत्री, कंगवा, पायाला लावायची मलमाची ट्यूब. धाकटीनं एकेक वस्तू उचलून परत भरली.  ती रडली असती तर बरं झालं असतं. तराजूला मात्र तेवढ्यानंही चैन पडेना. "सगळ्यांनी आपापला वाटा आत्ताच्या आत्ता आणा. उघडून बघू."

गेलो आणि आणलं. करता काय? धाकटीही गेली आणि आली, चोर ठरायचं नव्हतं म्हणून. चारही वाटे टेबलावर आले आणि तराजू एकेक पुडकं सोडायला लागली. हिरवं, निळं, पांढरं. सोडलेले बंध बाजूला, लोकर बाजूला. स्वेटर कुठं असणार? पुडक्यात स्वेटर मावतो का? पण ती सोडतच राहिली.

लेकीलाच कसंतरी झालं असावं. ती म्हणाली, "राहू द्या, मावशी. माझ्यासाठी म्हणून आईनं हौसेनं बाहेर काढला होता, म्हणून जीव तुटतो. फोनवर म्हणाली होती, कोपरं विरलीत, तुला नवा करून देते. तुझ्या मापाचा."

तराजूचा हात थांबला. "तुझ्या मापाचा म्हणाली?"

"हो. बाबांचा मला गुडघ्यापर्यंत यायचा ना."

मोठा स्वेटर लहान मापाचा करायचा तर काय करावं लागतं, हे विणणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. आधी उसवावा लागतो. उसवलेली लोकर धुवावी लागते. तराजूनं बाजूच्या बंधांच्या ढिगाकडे पाहिलं. मग माझ्या खिळ्याकडे. मीही पाहिलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हा. आम्ही सगळ्या स्वेटर शोधत होतो, लोकर कुणीच शोधत नव्हतं.

"सापडला," तराजू म्हणाली.

"कुठंय?"

तिनं खिळ्याकडे बोट दाखवलं. "मी कापला. या हातांनी."

लेकीला समजायला जरा वेळ लागला. मग तिनं खिळ्यावरचा झुपका काढला आणि नाकाशी धरला. "इस्त्रीचा वास येतोय," एवढंच म्हणाली, आणि तिथंच स्टुलावर बसून रडायला लागली. 

तराजू धाकटीसमोर जाऊन उभी राहिली. "चोर मी होते आणि झडती तुझी घेतली. मला माफ कर."  धाकटीनं पिशवी उचलली आणि शटरखालून निघून गेली.

लेक जाताना म्हणाली, "जमलं तर जोडा, नाहीतर राहू दे. पण आता त्याला कात्री लावू नका."

तेव्हापासून तराजू माझ्याकडे रोज येते. टोकाला टोक लावून गाठी मारते. मी गिऱ्हाइकांच्या दारोदार फिरले. "बाई, कपड्यांना बांधलेला धागा आहे का हो?" म्हटलं की लोक माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे, की हिच्या डोक्याची इस्त्री बिघडली. बहुतेकांनी केरात टाकला होता. एका म्हातारबुवांनी त्यानं टोमॅटोचं रोप काठीला बांधलं होतं. तो मी त्यांच्यासमोर गुडघे टेकून सोडवून आणला.

धाकटी शनिवारी येईनाशी झाली. एकदा भर दुपारी, दुकानात गर्दी असताना आली. गडबडीत तिच्या वाट्यातले थोडे बंध तिच्याकडेच राहिले होते. ते तिनं पाण्यानं सरळ करून वहीच्या पानात घालून आणले होते. तराजूच्या समोर ठेवले आणि गेली. "बस ना गं," तराजू म्हणाली, पण तोवर ती रस्त्यावर पोचली होती.

काल शेवटची गाठ बसली. तराजूनं गुंडा हातात तोलला. वजनकाटा तिनं त्या दिवसापासून आणलेला नाही. "किती होईल गं एवढ्यात?" तिनं मला विचारलं. लेकीचा फोन यायचा होता आणि तिला काय सांगायचं हे ठरत नव्हतं.

मला तिची दया आली. मी म्हटलं, "एक बाही तरी आरामात होईल. बाकी दुसऱ्या तपकिरीनं भरून काढू, कुणाला कळतंय?"

तिनं गुंडा पुन्हा हातात तोलला.

"अर्धी," ती म्हणाली. "अर्धीच होईल. तिला तेच सांग."