वरच्या खोलीची कडी

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक दुमजली घर होतं. खाली शिवणाचं दुकान, त्यामागे राहायची जागा आणि वर एक खोली. दुकान चालवणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे काकूच म्हणायचे. शाळेचे गणवेश, दवाखान्याचे पडदे, नर्सबाईंचे कोट, असलं सरळ कापडाचं काम त्यांच्याकडे असायचं. लग्नाचे कपडे त्या घेत नसत. "त्यात नवरी कमी आणि तिची आईच जास्त शिवून घेते," म्हणायच्या.

नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. पण घर रिकामं असं कधी नव्हतं, कारण धाकटा भाऊ होता. आई गेली तेव्हा तो रांगत होता. काकूंनीच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं आणि पुढे गाडी चालवायला शिकवून मार्गाला लावलं. परदेशातून स्वयंसेवक आणणाऱ्या एका संस्थेत त्याला ड्रायव्हरची नोकरी लागली, राहायला तिथेच खोलीही मिळाली. मग त्यानेच संस्थेच्या मॅडमकडे शब्द टाकला आणि काकूंची वरची खोली संस्थेच्या पाहुण्यांसाठी ठरली. कुणी शाळेत शिकवायला यायचं, कुणी दवाखान्यात मदतीला. बहुतेक मुलीच असायच्या.

काकू या मुलींना पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगायच्या. "बाहेर जाताना कुठे चाललीस ते मला सांगून जायचं. नव्या ओळखीच्या माणसाला खोली दाखवायची नाही. आणि झोपताना आतली कडी लावायची." मुली हसून मान डोलवायच्या. घरदार सोडून इतक्या लांब आलेल्या या पोरींना भीती म्हणून कशी ती नसते, याचं काकूंना नवल वाटायचं आणि धास्तीही.

आदल्या वर्षी एक मुलगी मुदत संपायच्या आधीच परत गेली. सकाळी बॅग घेऊन खाली उतरली, काकूंच्या गळ्यात पडली, पण नजरेला नजर देईना. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, तब्येत बरी नव्हती. काकूंच्या मनात पाल चुकचुकली. पण कामाच्या रगाड्यात ती गोष्ट मागे पडली.

यंदा आली ती लहान मुलांकडून व्यायाम करून घेणारी होती. इतकी उंच की दुकानात शिरताना वाकावं लागे. दवाखान्यातल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव 'शिडी' ठेवलं. अर्थ कळल्यावर ती पोट धरून हसली आणि स्वतःच सगळ्यांना सांगत सुटली, "मी शिडी." आपली भाषा ती शिकूनच आली होती, चुकतमाकत बोलायची, पण न लाजता. काकूंना ती आवडली.

धाकटा तिला रोज गाडीतून सोडायचा आणि आणायचा. आधी बॅग उचलून द्यायचा. मग तिला फळं आणून देऊ लागला. काकूंना बरंच वाटलं, परकी पोर आहे, जीव लावतोय. एकदा गाडी दारात उभी होती आणि काकू खिडकीपाशी बसून काज करत होत्या. गाडीची काच खाली होती, त्यामुळे त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"दवाखान्यातल्या कुणाला नंबर देऊ नकोस. इथले लोक गोड बोलून गळा कापतात. पोलीस तर त्यांच्याहून वाईट. ऑफिसात फोन कुणी उचलत नाही. काही लागलं तर मला सांग, फक्त मला."

"काकूंना सांगते ना मी," शिडी म्हणाली.

"ताई साधी आहे गं. तिच्या पोटात काही राहत नाही. आणि अलीकडे तिला उगाच संशय येतो सगळ्यांचा."

काकूंच्या हातातली सुई थांबली. आपण कधी कुणाचा संशय घेतला ते त्यांना आठवेना. याला तसं का सांगावंसं वाटलं?

त्यानंतर शिडी बदलत गेली. शेजारच्या नर्सबाई तिला जेवायला बोलवायच्या, तिने जाणं बंद केलं. खाली येऊन गप्पा मारायची तेही कमी झालं. "थकले," म्हणायची आणि जिना चढून जायची. एका शनिवारी म्हणाली, उद्या धरण बघायला जायचंय, ऑफिसातले सगळे येणार आहेत. सोमवारी काकूंनी विचारलं, "मजा आली का?" तर म्हणाली, "बाकीचे आलेच नाहीत. आम्ही दोघंच होतो." मग जरा थांबून, "पुढच्या रविवारी सगळे नक्की येणार आहेत. तिथे राहायचंय."

काकूंनी ऑफिसात फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. सहल बिहल काही नव्हती, ना गेल्या रविवारी, ना पुढच्या.

त्याच दुपारी शिडी दवाखान्यात असताना काकू नवा पडदा लावायला वर गेल्या. वाऱ्याने दार आपटत होतं म्हणून त्यांनी आतली कडी लावली आणि स्टुलावर चढल्या. वाऱ्याचा एक झोत आला, दार धाडकन उघडलं आणि चौकटीवरचा कोयंडा खाली पडला. काकूंनी खाली उतरून तो उचलला. त्याचे स्क्रू नखाएवढे होते, लाकडात जेमतेम टेकणारे. आधी तिथे बोटभर लांबीचे स्क्रू होते. सुताराने ते काकूंच्या देखतच पिळून बसवले होते. त्यानंतर त्या दाराला हात लावला होता एकाच माणसाने. पंधरवड्यापूर्वी धाकटा म्हणाला होता, "वरचं दार घासतंय, मीच बघतो, सुतार कशाला?"

काकू तिथेच खाटेच्या कडेवर बसल्या. बाहेरून नुसता खांदा दिला असता तरी दार उघडलं असतं. मग उठून त्यांनी कोयंडा होता तसा भोकांत टेकवून ठेवला आणि खाली आल्या.

थोड्या वेळाने धाकटा रोजच्यासारखा दुपारचं जेवायला आला. काकूंनी ताट वाढलं. त्याने दोन घास खाल्ल्यावर त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षीची ती मुलगी मध्येच का गेली रे?"

त्याचा हात ताटातच राहिला. "का? काय सांगितलं तिने तुला?"

त्या मुलीने काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. पण काकू त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. ज्या तोंडात घास भरवले त्या तोंडावर त्यांना कधी न दिसलेलं काहीतरी हललं आणि लगेच विझलं. मग तो हसला.

"ताई, त्या पोरींचं काय घेऊन बसलीस. त्या येतात आणि जातात. आपण दोघंच आहोत एकमेकांना." त्याने ताट स्वच्छ केलं, हात धुतले आणि जाताना दारात थांबून म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस हं." आवाजात राग नव्हता. लहानपणी 'झोपताना दिवा ठेव हं' म्हणायचा, तितक्याच मऊपणाने म्हणाला.

संध्याकाळी त्या शिडीसमोर बसल्या. सगळं सांगून झालं तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"तो म्हणालाच होता, तुम्ही असं बोलाल म्हणून. त्याचं चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही. इथे माझी काळजी करणारा तो एकटाच आहे."

"बरं," काकू म्हणाल्या. "माझं ऐकू नकोस. वर चल, कडी लाव आणि दार ओढ."

शिडीने कडी लावली आणि दार ओढलं, फार जोरही लावला नाही. कोयंडा तिच्या पायाशी पडला. ती त्याच्याकडे बघत राहिली. रोज रात्री याच कडीच्या भरवशावर ती झोपत होती. मग तिने विचारलं, "आज मी कुठे झोपू?"

"माझ्याजवळ," काकू म्हणाल्या.

सकाळी दोघी मॅडमकडे गेल्या. मॅडमनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "गैरसमज असेल. स्क्रू काय, ढिले होतातच. संस्थेचं नाव उगाच चर्चेत यायला नको." काकूंनी पाण्याला हात लावला नाही. "मी त्याची सख्खी बहीण आहे मॅडम. गैरसमज म्हणायला जागा असती तर मीच ती उराशी धरून बसले असते." मग मॅडमचा नाइलाज झाला. त्यांनी आदल्या वर्षीच्या मुलीला फोन लावला. ती आधी बोलेना, मग बोलू लागली ती थांबेना. तिच्या बाबतीत कडी तुटायची वेळ आलीच नव्हती. तिनेच दार उघडलं होतं, विश्वासाने.

पोलिसात तक्रार झाली. पण ती मुलगी परत यायला तयार नव्हती, आणि शिडीच्या बाबतीत अजून काही घडलेलंच नव्हतं. छोटे स्क्रू लावणं हा गुन्हा होत नाही, असं ठाण्यातला साहेब समजुतीच्या सुरात म्हणाला. धाकट्याची नोकरी गेली, एवढंच. त्याने आपले कपडे उचलले आणि बहिणीशी एक शब्द न बोलता गाव सोडलं. शिडी नर्सबाईंकडे राहून आपलं काम पुरं करून मायदेशी गेली. काकूंनी वरची खोली पुन्हा कुणाला दिली नाही. गल्लीतल्या काही बायका त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. परक्या पोरीसाठी रक्ताचा भाऊ घालवला, असं त्या म्हणत. काकू कुणाला उत्तर देत नसत. कधी पायमशीन चालवता चालवता थांबायच्या आणि विचार करायच्या, आपल्या हातून वाढवताना नेमकं काय निसटलं?

पुढे कापडाच्या एका व्यापाऱ्याकडून बातमी लागली. समुद्राकाठच्या एका शहरात, परदेशी स्वयंसेवक येतात अशाच एका संस्थेत धाकटा गाडी चालवतोय. काकूंनी नंबर मिळवून फोन केला.

"मी त्याची मोठी बहीण बोलतेय. त्याच्याबद्दल तुम्हाला काही सांगायचंय."

पलीकडचा माणूस आपुलकीने हसला. "हो हो, तो म्हणालाच होता तुमचा फोन येईल म्हणून. तुमची तब्येत बरी नसते ना हल्ली? काळजी करू नका, काकू. फार भला माणूस आहे. आमच्या मुली तर त्याच्याशिवाय कुठे जात नाहीत."

फोन बंद झाला. काकूंनी हातातला अर्धा गणवेश घडी करून बाजूला ठेवला. पोलीस तक्रारीची प्रत पिशवीत घातली, दुकानाला कुलूप लावलं, आणि समुद्राकडे जाणारी गाडी कुठून सुटते ते विचारत त्या भरदुपारी स्टँडकडे निघाल्या.