हिलालभाऊचा जपानी

माझा भाऊ हिलाल गेला, तेव्हा पेपरात त्याच्यावर चार ओळी छापून आल्या. चारही खोट्या. मी काही शाळेत गेलेली बाई नाही, पण खोटं ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा खरं काय ते मी सांगते. मधे कुणी तोंड घालू नका.

आमचं गाव पांझरेच्या काठी, धुळ्याकडून आलं तर देवपूर ओलांडून पुढे. मी लग्न होऊन वर्षाच्या आत कपाळ पुसून माहेरी परत आले. वहिनी प्लेगात गेली. मग घरात दोघंच, भाऊ आणि मी. बाजरी-कापसाची शेती होती, ती भाऊ पोटापुरती करायचा. जीव सगळा सोंगांत.

चैत्रात गावदेवीच्या जत्रेला आमच्याकडे सोंगं निघतात. गणपती येतो, सरस्वती येते, शेवटी राक्षस. राक्षसाला अख्खा गाव चपला हाणत वेशीबाहेर पिटाळतो. बायकाही मारतात. वेस ओलांडली की सगळे ओरडतात, "तोंड उतार!" राक्षसानं मुखवटा काढला की मार थांबला. मग तो पांझरेवर हातपाय धुतो, वेशीत परत येतो, आणि मारणारेच त्याला गूळ-पाणी देऊन पाया पडतात. पुढे वर्षभर त्या माराचा कुणी उच्चार करायचा नाही. हा आमचा कायदा, देवीचा. राक्षस दरवर्षी भाऊच व्हायचा, आणि त्याच्या गूळ-पाण्याचं ताट धरून वेशीत उभं राहणं हे माझं काम.

मुखवटे भाऊच करायचा. कागद भिजवायचा, त्यात मेथ्यांचं वाटण घालून मळायचा, मातीच्या ठोकळ्यावर थापायचा. कागद यायचा रुपचंदशेठच्या दुकानातून. गावात पेपर घेणारा तो एकटा. दुकानाच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा, आणि वाचताना पदरचं तिखटमीठ इतकं लावायचा की छापणाऱ्यालाही ठसका लागावा. वाचून झालेली रद्दी भावाला.

पहिल्यांदा जपानी आणला तो मी परकर नेसत होते तेव्हा. रशियाला जपाननं लोळवलं त्याला वर्ष-दोन वर्षं झाली होती. शेठ वाचायचा, "एवढंसं जपान, पण काय छाती!" पेपरात जपानी म्हणजे जसा काही अर्जुनच. भावानं त्याचा गोरापान मुखवटा केला, मिशा काढल्या, कमरेला तलवार बांधली. रशिया म्हणून अस्वलाचं तोंड घातलेला राक्षस पळाला, आणि जपान्याला सुवासिनींनी ओवाळलं. मीसुद्धा ओवाळलं. खरा जपानी कसा दिसतो हे गावात कुणाच्या बापाला माहीत होतं?

नंतर जर्मन आला. पेपरात आलं की जर्मन तान्ह्या पोरांनाही सोडत नाही. भावानं डोक्यावर उलटा तांब्या बांधला, तोंडाला रक्त लावलं. गावानं असा बडवला की भाऊ आठ दिवस पाठ शेकत होता. तरी खूश. "अक्का, पेपरमा नाव येतं त्या सगळा देशले आपला गाव मान देस," म्हणायचा. मान कसला, चपला! पण त्याला कोण सांगणार.

आता लिवचं सांगते. लिव हा चिनी फेरीवाला. सायकलला रेशमाचं गाठोडं बांधून धुळ्याहून गावोगाव हिंडायचा. दरवर्षी होळी झाली की यायचा, आमच्या ओट्यावर झोपायचा. बोली सगळी मोडकीतोडकी हिंदुस्थानी. माझा ठेचा खाऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी ताट पुढे करायचा. हनुवटीवर डाव्या अंगाला तीळ होता, हसला की तो वर चढायचा. पहिल्या वर्षी त्यानं मला लाल रेशमाचा तुकडा दिला. मी खेकसले, "मेल्या, डोळे फुटले का? विधवा बाई दिसत नाही?" भावानं त्याला समजावलं, तेव्हा बिचारा इतका खजील झाला की जेवलाच नाही. पुढच्या वर्षी पांढरा तुकडा घेऊन आला. म्हणाला, "हमारे मुलुक में भी दुख में सफेद." मी तो तुकडा पेटीत ठेवला. मला माणूस आवडला, सांगायला लाज कसली. भाऊ तर त्याला 'लिवभाऊ' म्हणायचा, आणि जत्रेला थांबवून घ्यायचा. राक्षसाला चपला बसल्या की लिव पोट धरधरून हसायचा.

मग रंगून पडलं. मुंबईहून पळून आलेली माणसं गाठोडी घेऊन धुळ्यात उतरायला लागली. शेठचा ओटा पुरेना. तोच शेठ, तोच पेपर, आणि आता जपानी म्हणजे माकड, जपानी म्हणजे राक्षस. आभाळातून छत्र्या बांधून उतरतात, फेरीवाल्याचा वेश घेतात, विहिरीत विष टाकतात, असं सगळं छापून आलेलं. भावानं एकदाच विचारलं, "शेठ, आपला जपानी तं चांगला व्हता ना? आपण त्याले ओवाळेल शे." गाव भावाला नाना म्हणायचं. शेठ म्हणाला, "तो जमाना गया, नाना. औंदा राक्षस जपानीच पाहिजे."

झालं. भाऊ मुखवट्याला बसला. पेपरातल्या चित्रात नुसते दात आणि चष्मा. तसं केलं तर खरंच माकड दिसायला लागलं, आणि माकडाला गाव काय मारणार, आमच्याकडे मारुतीला नमस्कार करतात. तीनदा थापलं, तीनदा मोडलं. चौथ्यांदा जमलं. वाळत घातलेला मुखवटा मी पाहिला आणि माझ्या हातातलं सूपच पडलं. वर आलेली गालाची हाडं, बारीक डोळे, आणि हनुवटीवर डाव्या अंगाला तीळ.

"अरे भाऊ, हा तर आपला लिव!"

"येडी शे का? दात बघ ना, लिवले असा दात शेत का?"

"आणि तीळ?"

भाऊ ओशाळला. म्हणाला, त्या मुलखाकडचं तोंड मी दुसरं कुठलं पाहिलंय, अक्का? हात आपोआप तिकडेच गेला. आणि लिव या लढाईच्या धामधुमीत कुठला येतोय. होळी होऊन गेली, आला का? मी म्हटलं, तीळ तरी खुडून टाक. तो हो म्हणाला आणि राहिलं. त्याला ते तोंड आवडलं होतं. त्याच्या हातून इतकं जिवंत तोंड कधी उतरलं नव्हतं, आणि कारागिराला तेवढाच मोह पुरतो.

जत्रेच्या दिवशी ऊन कलताना राक्षस निघाला. असा मार मी जन्मात पाहिला नव्हता. लोकांच्या पोटात भीती होती ना, ती सगळी चपलांत उतरली. भाऊ वेस ओलांडून धावला. "तोंड उतार!" झालं, त्यानं मुखवटा काढला आणि खाली नदीवर गेला. मी ताट घेऊन वेशीत उभी. लोक हसत, दम खात माघारी वळणार, तेवढ्यात देवपूरच्या वाटेनं सायकल आली.

लिव! डोक्यावर टोपी, मागे गाठोडं, उशीर झाला म्हणून जोरात पाय मारत.

पोरं ओरडली, "दुसरं सोंग! दुसरा जपानी!" आणि चपला सुटल्या. लिवला वाटलं, औंदा थट्टेत आपल्यालाही घेतलं. तो हसला हो! सायकल टाकून राक्षसासारखे हात वर केले आणि लटकं लटकं पळायला लागला. इतक्या वर्षांत सगळा खेळ त्याला पाठ झाला होता. मी ओरडत होते, कोण ऐकतंय. लोक म्हणाले, "तोंड उतार!" लिवनं हसत हसत आपल्या गालाला हात लावून दाखवला. पुन्हा ओरडले, "तोंड उतार!" मग एकानं पुढे होऊन त्याचा गाल धरला आणि ओढला.

गाल काही निघाला नाही.

"अरे, हाई खरं तोंड शे! हाऊ खराच जपानी शे!"

आणि चपलांचे दगड झाले. मी ताट फेकून गर्दीत घुसले, "चिनी आहे तो, आपला लिव आहे, मेल्यांनो!" तिथं असा एक माणूस नव्हता ज्याच्या घरात लिवचं रेशीम नव्हतं. पण त्या घडीला त्यांना लिव दिसतच नव्हता. ओट्यावर महिनाभर ऐकलेलं तेवढं दिसत होतं.

गलका ऐकून भाऊ ओल्या अंगानं नदीवरून धावत आला. त्यानं पाहिलं आणि काय केलं माहीत आहे? हातातला मुखवटा पुन्हा तोंडावर चढवला, लिवच्या पुढे आडवा झाला आणि छाती बडवत ओरडला, "मी शे राक्षस! माले मारा!"

एकही दगड त्याला लागला नाही. लोकांनी त्याला हाताला धरून अदबीनं बाजूला केलं. "तुमचं झालं नाना, तुम्ही तोंड उतारेल शे. आते सरका." देवीचा कायदा मोडायचा नव्हता ना त्यांना!

पोलीस पाटील धनसिंग काठी घेऊन मधे पडला तेव्हा कुठे हात थांबले. लिवचा एक डोळा गेला होता. मी घरी पळाले, पेटीतलं ते पांढरं रेशीम आणलं आणि त्याच्या तोंडावरून बांधलं. भाऊ शेजारी बसून रडत होता, मुखवटा कपाळावर सरकवलेला, काढायचंही भान नाही. लिवनं उरलेल्या डोळ्यानं त्या मुखवट्याकडे पाहिलं. हळूच हात वर केला आणि मुखवट्याच्या हनुवटीवरच्या तिळावर बोट ठेवलं. आत काहीतरी विझलं त्याच्या, ते मला दिसलं.

धनसिंगनं त्याला गाडीत घालून धुळ्याला नेलं. तिथल्या साहेबानं कागदपत्रं पाहिली आणि म्हणाला, हा चिनी आहे, चीन जपानशीच लढतंय, तुम्ही कुणाला मारलंत? भाऊ दवाखान्यात दूध घेऊन जायचा. लिव तोंड भिंतीकडे करून पडायचा. एके दिवशी खाट रिकामी होती. कुठे गेला, कुणाला सांगता येईना. सायकल आमच्याकडेच राहिली.

आणि पेपरात काय आलं? "धुळ्यानजीक जपानी हेर पकडला. शूर गावकऱ्यांची कामगिरी." शेठनं ते दोनदा वाचलं. गाव फुगलं. भाऊ धुळ्याला पेपरच्या कचेरीत गेला, हात जोडून म्हणाला, तो चिनी होता, माझा मित्र होता, तेवढं छापा. तिथले गृहस्थ म्हणाले, "अहो, तुमच्या गावाचं नाव झालं. आता कशाला उकरता?" भाऊ पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा बाहेरच बसवून ठेवलं.

त्यानंतर त्यानं सोंग घेतलं नाही. भेटेल त्याला सांगायचा, "तो चिनी व्हता. लिव त्यानं नाव." सुरुवातीला लोक मान हलवायचे. मग हसायला लागले. म्हणायचे, नानाचं डोकं फिरलं. होळी झाली की सायकल बाहेर काढायचा, साखळीला तेल द्यायचा आणि वेशीत जाऊन बसायचा. मी जेवायला हाक मारली की म्हणायचा, "लिव येईल तं माले पहिले माफी मांगू दे, मंग जेवू." असा उपाशी किती वेळा बसला असेल! मला राग यायचा, रडूही यायचं.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. शेवटी माझा हात धरून म्हणाला, "अक्का, गावले सांगशील ना?" मी म्हटलं, सांगेन.

दहाव्याला सगळं गाव जमलं. शेठ उठला, घडी केलेला पेपर काढला. "आपल्या हिलालनानांवर छापून आलं शे," म्हणाला, आणि वाचलं: ज्यांनी हुबेहूब मुखवटा करून गावाला जपान्याची ओळख पटवली, ज्यांच्यामुळे शत्रूचा हेर पकडला गेला, ते देशभक्त कलावंत हिलाल.

लोकांनी डोळे पुसले. मी बायकांतून उठून पुरुषांच्या मधे जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "तो जपानी नव्हता. चिनी होता. लिव त्याचं नाव. तुमच्या लेकींच्या अंगावर त्याचं रेशीम आहे."

शेठनं चष्मा काढला, कागदाची नीट घडी केली आणि मला समजूत घातल्यासारखं म्हणाला, "व्हई अक्का, तसं बी व्हई. पण पेपरमा छापून येल शे ना."