नळीखालची फट

त्या वर्षी खंडेनवमीला माझ्या मित्राच्या सिडनीतल्या पेंडल हिलच्या घरी पाटावर दोन लॅपटॉप, एक ड्रिल मशीन, गाडीची किल्ली आणि शिकारीची रायफल मांडलेली होती. रायफलीचा बोल्ट काढून ठेवला होता, गोळ्या वेगळ्या कपाटात कुलपात होत्या. मित्र पुण्याहून इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आला आणि पुढे पॅरामॅटाच्या ऑफिसात सॉफ्टवेअर सांभाळत राहिला. पूजेला त्याची आई बसली होती. त्यांच्या घरात आजवर अडकित्त्याहून धारदार काही पुजलं गेलं नव्हतं, त्यामुळे खरं शस्त्र मिळाल्यावर तिने हात आखडता घेतला नाही. हळद, झेंडू आणि ओल्या कुंकवात भिजवलेल्या मूठभर अक्षता.

"मुकं जनावर असतं रे," हात जोडून ती म्हणाली. "जायचंच असेल तर एका गोळीत जाऊ दे."

"आई, स्कोपच्या काचेवर कुंकू नको हां."

"नाही लावत काचेला. चष्मा मीही वापरते."

नंतर मित्राने रायफल फडक्याने पुसून सेफमध्ये ठेवली.

पुढच्या शनिवारी आम्ही निघालो. मी शिकार करत नाही. गाडी चालवतो, दुर्बीण धरतो आणि नंतर मटण खातो. नैतिकदृष्ट्या सर्वांत सोयीची जागा माझी. सिडनीपासून तीनेक तासांवर एका म्हाताऱ्या बाईंचं मेंढ्यांचं रान आहे. कोणे एके काळी साहेबलोकांनी शौकासाठी हरणं आणून सोडली. साहेब गेले, शौक गेला, हरणं वाढली आणि आता मेंढ्यांचं गवत खातात. बाईंनी मित्राला परवानगी दिली होती ती एकाच अटीवर: जखमी जनावर माझ्या रानात सोडायचं नाही.

संध्याकाळी उतारावर एक मादी उभी होती. अंतर बेताचं, वारा पडलेला. मित्राने वेळ घेऊन गोळी झाडली. मादी वाकली, सावरली आणि झाडीत शिरली. गोळी पोटात लागली होती, हे गवतावर पडलेल्या रक्ताकडे बघून त्याला कळलं. ओढ्यापर्यंत माग लागला, पाण्यात संपला. सकाळी पुन्हा शोधलं. नाही सापडली.

बाईंना सांगायला तो स्वतः गेला. त्या गेटला टेकून उभ्या होत्या.

"नेम कशामुळे चुकला?"

"माहीत नाही."

"मग माहीत झालं की ये, मेट. तोवर नको."

परत येताना मी गाडीत रेडिओ लावला नाही.

मग रेंजवरचे शनिवार सुरू झाले. शूटिंग रेंज ही सल्ल्यांची पेठ असते. डांबरी पार्किंगमध्ये झाडापानांच्या रंगाचे कपडे घालून वावरणारी माणसं, आणि प्रत्येकाचा उपाय गेल्या महिन्यात त्याने स्वतः विकत घेतलेला. कोणी म्हणालं स्कोप बदल, कोणी म्हणालं जड गोळी वापर. मित्राने दोन्ही केलं. तरी कागदावर गोळ्या डावीकडे जात, आणि नळी तापेल तशी पुढची गोळी आणखी लांब जाई.

"रायफल ठीक असेल," तो एकदा म्हणाला. "माझाच हात चुकत असेल. विकून टाकतो."

"आधी तपास तरी पूर्ण कर. ऑफिसात असा बग बंद करतोस का?"

तो हसला नाही, पण त्याच दुपारी त्याने रायफल आमच्यामधल्या टेबलावर घेतली. लाकडी दस्त्याच्या खोबणीत नळी बसते, पण पुढे तिला कशाचाही स्पर्श नसावा लागतो. गोळी सुटताना नळी थरथरते. कुठे काही टेकलं की ती थरथर बिघडते. ही फट मोकळी आहे का, हे बघायला मी पाकिटातली डॉलरची प्लॅस्टिकची नोट नळीखालून सरकवली. नोट अर्ध्यावर अडली. मित्राने स्क्रू सोडून नळी वर उचलली. खाली, लाकडाला घट्ट चिकटलेला, एक तांदळाचा दाणा होता. लाल.

मला हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. एका गोळीत जाऊ दे, असं आई म्हणत असतानाच तो दाणा तिथे पडला होता.

त्याने तो नखाने काढला, खोबण साफ केली, स्क्रू सारख्या ताणाने आवळले आणि नेम नव्याने लावून घेतला. मग झाडलेल्या गोळ्यांची भोकं एकमेकांत मिसळली. शेजारच्या बाकावरून कोणीतरी "गुड ऑन या" म्हणत दाद दिली. मित्राने कागद घडी करून खिशात घातला.

बाईंकडे आम्ही पुन्हा गेलो. मादी त्यांना ओढ्याच्या वरच्या अंगाला सापडली होती, मेलेली. किती दिवसांनी, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

"नळीखाली दाणा अडकला होता, तांदळाचा," मित्र म्हणाला.

"तिथे कसा गेला?"

आईचं नाव येईल म्हणून मी जमिनीकडे बघू लागलो.

"निघण्याआधी मी एक गोळी कागदावर मारून बघायला हवी होती," तो म्हणाला. "बघितली नाही."

बाईंनी गेटची कडी काढली.

घरी आईने विचारलं, "कळलं का रे, काय झालं होतं?"

"स्क्रू ढिला होता, आई."

पुढच्या खंडेनवमीला पाट तसाच मांडला. आईने तीच प्रार्थना म्हटली आणि तशीच मूठभर ओल्या अक्षता वाहिल्या. मित्राने तिला अडवलं नाही. आरती झाली, पेढे वाटले, आणि त्याने स्क्रूड्रायव्हर काढून रायफल उघडायला घेतली. मी शेजारी बसून दाणे वेचत होतो.

"हो, बघ बाबा नीट," आई आतून म्हणाली. "गेल्या वेळी स्क्रू ढिला राहिला होता तुझा."

"बघतोय, आई," तो म्हणाला आणि नोटेसाठी माझ्यापुढे हात केला.