वाटून घेतलेला उपास

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत ओट्सची पाकिटं, बिनसाखरेची बिस्किटं आणि भरपूर आगाऊपणा होता. बीडजवळच्या पालीत माझी थोरली बहीण, अक्का, राहते. तिला मधुमेह आहे. पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरत नव्हती, आणि साखर अशीच चढती राहिली तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "मावशी, आत्या माझं ऐकंनात, तुमीच या," असा तिच्या सुनेचा, मनीषाचा, फोन आला (सासूला ती आत्या म्हणते) आणि मी एसटी पकडली. आयुष्यभर निभेल असा आहार कोणता, यावर मी इतकं वाचलंय की विचारणाऱ्याला पश्चात्ताप व्हावा.

आष्टी मागे पडली तशी दोन्ही बाजूंना नुसती तपकिरी रानं दिसू लागली. पावसाने लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुनाकडं निगालात?"

"बहिणीकडे, पालीला."

"पानी नेताव ना संगं?"

मला थट्टा वाटली. पण बाई हसत नव्हत्या.

पालीला उतरल्यावर आधी धरण पाहिलं. बिंदुसरेच्या पात्रात भेगाळलेला गाळ, मधोमध एक डबकं आणि त्याच्याभोवती शेळ्या. घरी पोचले तर अक्का अर्धी झालेली. ही चोरून जिलेबी-भात खात असणार, असा माझा अंदाज होता. तो साफ चुकला. अक्का उपास करत होती.

पावसाळा कोरडा गेला तेव्हा ती जवळच्या नारायणगडावर देवाला नवस बोलली होती. धरणाची चादर पडेपर्यंत (धरण भरून सांडव्यावरून पाणी ओसंडतं, त्याला इथे चादर म्हणतात) अन्नाला शिवायचं नाही. म्हणून सकाळी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी भगर (वरई) नाहीतर उकडलेला बटाटा, आणि अधूनमधून पाकासारखा गोड चहा. खाणं कमी केलं की साखरही उतरेल, अशी तिची वर खात्री.

"अक्का, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. पोटात गेला की त्याची साखरच होते."

"देवाला चालतंय, तुज्या डॉक्टरला कावून चालंना?" ती म्हणाली. मग ओट्सचं पाकीट हातात फिरवून शांतपणे विचारलं, "हे म्हशीला घालायचं हाय का?"

बोलता बोलता तिचे हात चालूच होते. ज्वारीच्या भाकरी, मुगाची घट्ट आमटी, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या गवारीची भाजी, जवसाची चटणी. सगळं फडक्यात बांधून ते दाजींसाठी चारा छावणीत जायचं. जे जेवण तिने जन्मभर जेवावं असं मला वाटत होतं, ते तिच्याच हातचं गाठोड्यातून बाहेर चाललं होतं, आणि ती साबुदाणा भिजत घालत होती. मला तिचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन आम्ही तिघी छावणीत गेलो. हिरव्या जाळीच्या सावलीत जनावरांच्या रांगा, आणि प्रत्येकाच्या जवळ त्याचा धनी बाजेवर. दाजी बरीच वर्षं गावच्या दूध सोसायटीत संचालक होते. आता म्हशींबरोबर इथेच मुक्कामाला होते. मी त्यांना सगळं एका दमात सांगितलं. म्हशीपुढे टाकायला घेतलेली उसाची वाढी (शेंड्याची हिरवी पानं) त्यांच्या हातातच राहिली.

"मला वाटलं, सोमवारचा उपास धरती. रोजचा हाय व्हय?"

अक्काने भाकरीचं गाठोडं त्यांच्यापुढे सरकवलं. दाजी तिच्या जखमी पायाकडे बघत राहिले.

"एका म्हशीवर सोसायटी चालत न्हाई," ते म्हणाले. "मंग येवढा नवस एकटीवर कावून? वाटून घिऊ. सोमवार माजा. गुरुवार मनीषाचा. पुण्याच्या पाव्हण्यांना शनिवार. आन् तू साखर सोड. त्यो तुजा शेअर."

"बोललेलं मोडीत न्हाई मी."

"मोड म्हनतंय कोन? गडावर जाऊन सांगू की."

त्याच दुपारी गडावर गेलो. जत्रा नव्हती, गर्दी नव्हती. दाजींनी नारळ ठेवला आणि सोसायटीच्या बैठकीत ठराव मांडावा तसा मोठ्याने कुणाचा कोणता वार ते देवाला सांगितलं. शेवटी सवयीने विचारलंही, "कुनाची हरकत?" मनीषाने पदर तोंडाला लावला. अक्का मात्र डोळे मिटून उभी होती, आणि ती नाही म्हणणार असं मला वाटत होतं.

"साखर माजी," ती म्हणाली आणि वाकून नमस्कार केला.

खाली लिंबाच्या सावलीत तिने दाजींच्या गाठोड्यातली भाकरी मोडली. आमटीत कुस्करली. पहिला घास बराच वेळ चावला आणि मग डोळे पुसत दुसरा घेतला. तिला जेवताना बघून मलाच भूक लागली.

निघण्याच्या दिवशी बसस्टँडवर मी मनातली शंका बोलून दाखवली. "चादर पडली की नवस फिटणार. मग साखर सुरू?"

"पुडल्या साली धरन भराया नको व्हय?" अक्का म्हणाली.

पुण्यात आल्यापासून मी शनिवार पाळते. आहाराबद्दलचं माझं बोलणं थोडं कमी झालंय, असं घरचे म्हणतात. माझं सगळं वाचन एकट्या माणसाच्या ताटाबद्दल होतं, हे मला पालीत कळलं. अंगठा वाचेल की नाही, डॉक्टर अजून नक्की सांगत नाहीत. पाऊसही नाही. पण दर शनिवारी सकाळी अक्काचा फोन येतो.

"उपास धरलास का?"

"धरला. आणि तू?"

"बिनसाखरेचा कप हातात हाय," ती म्हणते. "लई वंगाळ लागतोय. पितीय."